बैलाची परीक्षा, वाणाचा निकाल

नांदेडहून लोह्यामार्गे लातूरकडे जाताना अहमदपूरच्या अलीकडे माळेगाव लागते. वर्षभर हे खंडोबाचे एक साधे गाव असते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघाली, येळकोटाचा गजर झाला, भंडारा उधळला, की पुढचे चार-पाच दिवस इथला माळ माणसांइतकाच जनावरांचा होतो. घोडे, गाढवे, उंट, बैलजोड्या, वळू, कालवडी, शेळ्या, कोंबड्या, एवढेच काय, कुत्रीही इथे येतात. मुहूर्त पंचांगातला असला तरी शेतीच्या हिशेबात तो चपखल बसतो. सोयाबीन-कापूस विकून हातात थोडा पैसा आलेला असतो, रब्बीची ज्वारी रानात उभी असते, लातूरकडचा शेतकरी अमावस्येला रानात येळवस करून मोकळा होतो, आणि उन्हाळी नांगरटीला अजून अवकाश असतो. बैल घ्यायचा असो की विकायचा, वर्षातली सोयीची वेळ हीच. या यात्रेवर लिहिणाऱ्यांचे लक्ष सहसा लावणीच्या फडाकडे, कुस्तीच्या आखाड्याकडे किंवा भटक्या जमातींच्या पालांकडे आणि पूर्वी तिथे बसणाऱ्या जातपंचायतींकडे जाते. ते विषय मोठेच आहेत. या प्रकरणात मात्र यात्रा जनावरांच्या बाजूने पाहायची आहे, आणि माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: जत्रेत जनावराची जी परीक्षा होते ती त्या दिवसापुरती नसते. ज्या गुणाला टाळी, बक्षीस आणि भाव मिळतो तो गुण पाळणारा माणूस पुढच्या पिढीत शोधतो. ज्या गुणाकडे कोणी पाहत नाही तो दोन-चार पिढ्यांत निघून जातो. म्हणून नांदेड-लातूरच्या गुराढोरांचे काय होणार हे ठरवताना जत्रेत कसली परीक्षा भरते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हा नियम सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रोडिओ या खेळात. तिथल्या छोट्या गावांत आजही उन्हाळ्यात एखादा शनिवार-रविवार धरून तो भरतो. टेक्सासातल्या पेकोस गावी 1883 मध्ये आणि ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला 1888 मध्ये गुराख्यांच्या ज्या स्पर्धा झाल्या त्यांच्यापासून या खेळाचा इतिहास सांगतात, आणि पहिला मान कोणाचा यावर ती दोन गावे अजून भांडतात. रोडिओतले काही प्रकार सरळ कामातून आलेले आहेत. मोकळ्या रानात वाढलेले वासरू डागायचे किंवा त्याला औषध पाजायचे तर घोड्यावरून फास टाकून ते धरावे लागे. तेच काम रिंगणात घड्याळ लावून करतात. वळूच्या पाठीवर आठ सेकंद टिकून राहण्याचा प्रकार मात्र कुठल्याच कामातून आलेला नाही, कारण वळूवर बसायची गरज कुठल्या गुराख्याला कधी पडली नव्हती. आता या दोन परीक्षांचा परिणाम पाहा. फास टाकण्याच्या स्पर्धेने गुरांच्या हालचाली ओळखणारा, दोरीला ताण देऊन उभा राहणारा घोडा जपला. क्वार्टर हॉर्स म्हणून त्याची 1940 पासून नोंदणी होते आणि तो स्पर्धेइतकाच कुरणावरही चालतो. वळूच्या स्पर्धेने उसळ्या मारणारा वळू घडवला. त्याची वंशावळ डीएनए तपासून नोंदवणारी स्वतंत्र संस्था तिथे आहे, त्याच्या वीर्याला चांगला भाव येतो, आणि रिंगणाबाहेर त्याचा उपयोग शून्य. एकाच मैदानावर, एकाच तिकिटात भरणाऱ्या दोन परीक्षांनी दोन तऱ्हेची जनावरे तयार केली. प्रेक्षकाला दोन्ही सारखीच आवडतात, पण शेतकऱ्याला त्यातले एकच उपयोगाचे आहे.

आता आपल्या मातीतली जनावरे पाहू. नांदेड-लातूरच्या पट्ट्याचे दोन वाण आहेत आणि दोघांनाही गावांचीच नावे आहेत. लाल कंधारी हे कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर या भागातले. अंगभर गर्द लाल रंग, वळूत तो जरा अधिक काळपट, कपाळ रुंद, कान लांब आणि खाली झुकलेले, शिंगे मध्यम आणि दोन्हीकडे सारखी वळलेली, डोळ्याभोवती काळी कड. जुन्या काळी या गुरांना राजाश्रय होता अशी कथा कंधारात सांगतात. पण राजाश्रयाने वाण फार तर नावारूपाला येते, टिकते ते दावणीला. मन्याड आणि लेंडीच्या खोऱ्यांतली काळी भारी जमीन नांगरायला जे जनावर लागत होते ते पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेल्याने हा बैल घडला. दुसरे वाण देवणी, लातूर जिल्ह्यातल्या देवणीचे आणि सीमेपलीकडच्या बिदर भागाचेही. गीर, डांगी आणि स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून गेल्या दोनेकशे वर्षांत ते तयार झाले असे मानतात. त्यात रंगावरून तीन प्रकार करतात: तोंड काळे आणि अंग पांढरे तो वानेरा, अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा, आणि जवळजवळ पूर्ण पांढरा तो बालंक्या. लाल कंधारी गाय एका वेतात सरासरी 600 किलोच्या आसपास दूध देते, देवणी 850 च्या आसपास. संकरित गाईपुढे हे आकडे किरकोळ आहेत, आणि तो फरक लपवण्यात अर्थ नाही. या गुरांची किंमत दुधात कधीच नव्हती. ती होती औतात, गाडीत, कडक उन्हात उभे राहण्यात आणि कडब्याच्या दोन पेंढ्यांवर दिवस काढण्यात.

असे गुण पाहायचे कसे? बाजाराने आणि जत्रेने त्यासाठी आपापली परीक्षा बसवली होती, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. पहिली गोष्ट दात. बैलाचा जबडा उघडून खालचे पुढचे दात पाहतात. दुधाचेच दात असतील तर जनावर अदत. पक्के दात जोडीजोडीने येतात आणि त्यांवर वय ठरते: दोन दाती म्हणजे दोन वर्षांच्या पुढचे, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळले. प्रदर्शनातले गटही याच हिशेबाने पडतात. मग हात फिरतो तो वशिंडावरून खांद्यावर. जुन्या सुजेची गाठ असेल तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागते. खुरांच्या फटी, पुढच्या पायांतले अंतर, गळ्याची पोळी, बेंबी, शेपटीचा गोंडा हे सगळे पाहून झाल्यावर घेणारा जनावर चालवून बघतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो का, वळताना लंगडतो का. शेवटी खरी चौकशी: डाव्या बाजूला चालतो की उजव्या? बुजरा आहे का? ओझे जड झाले की बसतो का? ‘बैल गरीब आहे’ एवढे शब्द विकणाऱ्याच्या तोंडून आले की त्यांची किंमत रुपयांत मोजली जाते. सौदा मात्र बोलून होत नाही. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्या लोकांना चेहऱ्यांखेरीज काही कळत नाही. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या आठवडी बाजारात कर्नाटक-तेलंगणातले व्यापारीही येतात ते या पारखीच्या भरवशावर. तिथला खरेदीदार बैलाचा रंगही पाहतो, पण पैसे देतो ते कामाचे.

माळेगावच्या प्रदर्शनात परीक्षेचा दुसरा अर्धा भाग असतो. जिल्हा परिषदेचा पशुसंवर्धन विभाग मंडप घालतो, लाल कंधारी आणि देवणीचे गट वेगवेगळे उभे राहतात, पशुवैद्यक आणि जाणकार फिरतात आणि क्रमांक काढतात. (बक्षिसाच्या फोटोत वळूपेक्षा पुढारी अधिक जागा घेतात, हा भाग वेगळा.) इथे रंगाची शुद्धता, शिंगांची ठेवण, बांधा आणि वळूची अंगकाठी यांना महत्त्व मिळते. बाजार विचारतो की हे जनावर काम करील का, प्रदर्शन विचारते की हे जनावर आपल्या वाणाचे आहे का. दोन्ही प्रश्न एकाच माळावर, एकाच आठवड्यात विचारले जात होते. पहिल्या क्रमांकाचा वळू कोणत्या गावचा हे कळले की पंचक्रोशीतल्या गाई तिकडे दाखवायला जात. त्यातून पुढच्या वर्षीची वासरे ठरत. कागदावर कुठेही न लिहिलेली, पण चालणारी ही पैदाशीची व्यवस्था होती.

या दोन प्रश्नांपैकी एकाचा आधार सुटला की काय होते हे त्याच माळावरचे घोडे आणि गाढवे सांगतात. घोड्याचे काम मोटारीने केव्हाच नेले. उरले ते लग्नातले मिरवणे आणि हौस. त्यामुळे आज घोड्याच्या बाजारात विचार होतो तो रंगाचा, मानेच्या बाकाचा, रेवाल चालीचा, हलगीवर नाचतो की नाही याचा, आणि अंगावरच्या भोवऱ्यांचा. गळ्यावरचा देवमण शुभ, अमुक जागचा भोवरा खोडीचा, असे सांगून हजारोंचा फरक पाडला जातो. दिवसभरात किती मजल मारील हे विचारायचे कोणाला कारणच नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजारही असाच हौशीच्या आणि पर्यटनाच्या बळावर मोठा झाला आहे. गाढवाला तर हौसही लाभली नाही. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, घाटावर टेम्पो पोचला, आणि 2012 ते 2019 या सात वर्षांत देशातली गाढवे 61 टक्क्यांनी घटली, 3 लाख 20 हजारांवरून सव्वा लाखाच्या घरात आली. घोडे आणि तट्टे याच काळात 45 टक्क्यांनी कमी झाली. काम गेल्यावर हौस असली तर जनावर वेगळ्या रूपाने उरते, नसली तर संपते. बैल आज या दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे.

बैलाचे आकडे तसेच बोलके आहेत. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातले गोवंशातले नर 2012 च्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी घटलेले दिसतात, आणि माद्या 18 टक्क्यांनी वाढलेल्या. म्हणजे गोवंश एकूण जागच्या जागी आहे, गेला तो बैल. मराठवाड्यात याची कारणे एकात एक गुंतली आहेत. ट्रॅक्टर हे उघड कारण झाले. त्याहून कमी बोलले जाते ते पिकाच्या बदलाबद्दल. लातूर-नांदेडच्या रानांत ज्वारी होती तोवर कडबा घरचा होता, धान्याइतकीच किंमत कडब्याच्या पेंढीला होती. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली तेव्हा रोख पैसा आला, पण वैरण गेली. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करत नाही. मग 2012-13 आणि 2015-16 चे दुष्काळ आले. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात दावणीला दोन बैल ठेवणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. त्याच्या आदल्याच वर्षी राज्याच्या प्राणी संरक्षण कायद्यातली 1995 ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या मंजुरीने अमलात आली होती आणि गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली होती. त्यामागच्या भावनेबद्दल मत काहीही असो, शेतकऱ्याच्या वहीत त्याचा अर्थ एकच होता: म्हाताऱ्या बैलाची मोड संपली. पूर्वी थकलेली जोडी विकून येणाऱ्या पैशात थोडी भर घालून नवी जोडी येई. तो दुवा तुटल्यावर नवा बैल घेणेच धोक्याचे झाले. बाजारातली परीक्षा बंद पडत गेली ती कोणी तिच्याविरुद्ध बोलले म्हणून नाही. ती घ्यायला गिऱ्हाईकच उरले नाही.

याच काळात दुसरी एक परीक्षा मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढून परत आली. बैलगाडा शर्यत, विदर्भात आणि मराठवाड्याच्या काही भागांत जिला शंकरपट म्हणतात ती. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली, 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि नियम मोडून जनावराला इजा केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या सगळ्या लढाईत शर्यतीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा होता तो देशी वाणांचा. शर्यत बंद झाली तर देशी बैल कोण पाळणार? हा मुद्दा खोटा नाही. बंदीच्या काळात शर्यतीच्या बैलांचे भाव उतरले आणि बंदी उठल्यावर ते पुन्हा चढले, हे पश्चिम महाराष्ट्रात कोणीही सांगेल. पण भाव चढले ते कोणत्या बैलाचे? मुख्यतः खिलारचे. सोलापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातला, हलक्या हाडाचा, चपळ, तापट बैल तो. शर्यत वेगाची परीक्षा घेते आणि वेगात खिलारच पुढे येणार. भारी जमिनीत संथपणे दिवसभर ओढणारा लाल कंधारी त्या धावपट्टीवर उभा केला तर हरेल, आणि हरणारा बैल कोणी पाळत नाही. म्हणून शर्यतीने ‘देशी गोवंश’ वाचतो हे विधान सबंध महाराष्ट्राला लावता येत नाही. ज्या वाणाची परीक्षा शर्यत घेते ते वाण वाचते. उलट शंकरपटाचे वेड मन्याडकाठी वाढले आणि बक्षिसाच्या आशेने बाहेरचे खोंड इथे येऊ लागले, तर शर्यतीमुळे इथले वाण भेसळीला लागण्याचीच शक्यता अधिक.

यावर कोणी म्हणेल की मग वेगाऐवजी ओढीची शर्यत घ्या. तशी स्पर्धा फार लांब शोधायला नको. नांदेडच्या शेजारच्या तेलंगणात आणि त्याहून अधिक आंध्र किनाऱ्याच्या भागात संक्रांतीच्या सुमारास बैलजोडीला मोठा दगड बांधून ठरलेल्या वेळात किती फूट ओढला याची स्पर्धा होते. तिच्यासाठी ओंगोल जातीचे अवाढव्य बैल पाळतात, आणि तो वाण दांडगा राहण्यात या स्पर्धेचा हात आहे असे मानायला जागा आहे. परीक्षा बदलली की जनावर बदलते, या नियमाला हा मला सापडलेला सर्वांत जवळचा पुरावा. पण त्यातही रोडिओची गोष्ट थोडी शिरलेली आहे. दगड ओढणारी उत्तम जोडी शेतकऱ्याच्या औताला दिसत नाही. तिला खुराक घालणारा मालक सधन असतो आणि ती स्पर्धेपुरतीच जुंपली जाते. शिवाय टोचणी, शेपूट पिरगळणे, काठी हे प्रकार ओढीच्या स्पर्धेतही शिरतातच. जिथे काही क्षणांत कोण जिंकले हे ठरते तिथे जनावराला शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याचा मोह सुटत नाही. प्राणिमित्रांचा आक्षेप इथे मला पूर्ण मान्य आहे, आणि तो आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. ज्या परीक्षेत एका झटक्यात निकाल लागतो तिथे क्रौर्य आणि निरुपयोगी गुण हातात हात घालून येतात. जिथे दिवसभराच्या वागणुकीवर निकाल लागतो तिथे मारून मिळवण्यासारखे काही नसते, कारण मार खाल्लेला बैल बुजतो आणि बुजऱ्या बैलाचे गुण जातात.

पशुविज्ञान शिकलेला वाचक वेगळा आक्षेप घेईल. आता वळूची निवड जत्रेत होत नाही, वीर्यकेंद्रात होते. गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या गावोगाव पोचतात, लिंगनिर्धारित वीर्यही मिळते, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 2014 पासून राष्ट्रीय गोकुळ मिशन देशी वाणांसाठी चालू आहे. मग माळावरच्या गुणदानाची काय मातब्बरी? यातला पहिला भाग बरोबर आहे. कृत्रिम रेतनाने वळूची पोच शेकडो पटींनी वाढली आणि त्याच्याशिवाय आज वाण टिकवता येणार नाही. पण वीर्यकेंद्र वळू निवडते तेव्हा त्याच्या आईचे दूध मोजलेले असते, कारण दूध लिटरमध्ये मोजता येते. खांदा, खूर, स्वभाव आणि उन्हात उभे राहण्याची ताकद यांची नोंद सहसा कुठेच नसते. दुधावरच निवड करत गेलो तर देवणी थोडी बरी दुभती होईल, लाल कंधारीही होईल, आणि तरी दोघीही संकरित गाईच्या मागेच राहतील. म्हणजे ज्या स्पर्धेत त्या जिंकू शकत नाहीत तिच्यात उतरवून, ज्या गुणात त्या पुढे होत्या तो आपण सोडून देऊ. जत्रेतली परीक्षा आणि वीर्यकेंद्र ही एकमेकांची जागा घेणारी कामे नाहीत. केंद्राला कोणता वळू उचलायचा हे कोणीतरी पाहून सांगायला हवे, आणि पाहणारे डोळे माळावर तयार होतात.

आणि सर्वांत कडवा प्रश्न: बैलाचे कामच उरले नसेल तर कामाची परीक्षा घेऊन काय साधणार? ही निव्वळ जुन्याची ओढ नाही का? ओढ थोडी असेलही, पण हिशेब तेवढाच नाही. कामच उरले नाही हे मोठ्या शेतकऱ्याच्या बाबतीत खरे आहे. दोन-तीन एकरांचा कोरडवाहू शेतकरी पेरणी-नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करत असला तरी कोळपणी, पाळी आणि उभ्या पिकातली आंतरमशागत यांसाठी त्याला अजून बैल लागतो. स्वतःचा नसला तर तो उधारीने किंवा सावडीने आणतो. डोंगरउताराच्या, दगडगोट्यांच्या तुकड्यांत ट्रॅक्टर पोचत नाही असे रान बालाघाटात भरपूर आहे. या शेतकऱ्याला दोन बैलांचा खर्च परवडत नाही. एकटा, शांत, कमी खाणारा, एका बैलाच्या औताला चालणारा बैल त्याला परवडेल. असा बैल आज कोणी निवडून पैदा करत नाही, कारण त्याला बक्षीस नाही आणि धावपट्टीवर त्याची जागा नाही. शिवाय उष्णता वाढत चाललेल्या या भागात कडक उन्हात दम न टाकणारे रक्त जपून ठेवण्याचे कारण बैलापुरते नाही, उद्याच्या गाईसाठीही ते लागेल.

तेव्हा उरतो तो प्रश्न प्रदर्शनाचा, आणि त्यालाही सोडून चालणार नाही. आज पहिला क्रमांक मिळवणारा वळू बहुधा औताला कधी जुंपलेला नसतो. त्याला पेंड, खारीक, अंडी घालून चमकवलेले असते, अंगाला तेल लावलेले असते, शिंगांना शेंब्या आणि पाठीवर झूल असते. परीक्षकाच्या हातातला कागद रंग, बांधा आणि वाणाची लक्षणे विचारतो, म्हणून मालकही तेवढीच तयारी करून येतो. बाजाराचा प्रश्न संपला आणि प्रदर्शनाचा तेवढा उरला, त्यामुळे परीक्षा अर्धी झाली. ती पुन्हा पुरी करण्याला मोठा पैसा लागत नाही. प्रत्येक गटात जनावर अर्धा तास औताला जुंपून चालवणे, कासरा ढिला सोडल्यावर वागणूक पाहणे, उन्हात चालवून आणल्यावर श्वासाचा वेग मोजणे, गाईच्या बाबतीत दुधाबरोबर वेतांतले अंतर विचारणे, वळूच्या बाबतीत त्याची चार वासरे सोबत आणायला सांगणे, हे सगळे माळेगावच्या मैदानावर, आहे त्याच कर्मचाऱ्यांकडून होण्यासारखे आहे. वासरांची अट सर्वांत महत्त्वाची, कारण खारीक खाऊन वळू चमकतो, त्याची वासरे चमकत नाहीत. विरोध होईल तो मात्र ठरलेल्या ठिकाणाहून होईल. वर्षानुवर्षे पहिला क्रमांक घेणारे मालक म्हणतील की झूल घातलेल्या वळूला धुळीत औताला जुंपणे हा त्याचा अपमान आहे. त्यांना सांगावे लागेल की बक्षिसाची रक्कम औताच्या फेरीनंतरच जाहीर होईल.